घोडा, कट्टा आणि मिस्त्री

तर झालं असं, की दसऱ्यानंतरचे चार शनिवार मी एक मिस्त्री शोधण्यात घालवले. प्लंबर नाही, एसीवाला नाही. रिव्हॉल्व्हर दुरुस्त करणारा मिस्त्री.

दचकू नका. मी तोच आहे, आठवडाभर लोअर परळच्या काचेच्या इमारतीत बसून जावा लिहिणारा आणि शनिवारी इथे येऊन काहीबाही खरडणारा. रिव्हॉल्व्हर माझं नाही, बाबांचं आहे. म्हणजे कागदावर बाबांचं, खरं तर आजोबांचं.

आजोबा लालबागच्या एका मिलमध्ये कॅशियर होते. पगाराच्या दिवशी बँकेतून रोकड आणायची, ती पत्र्याच्या ट्रंकेत मिलच्या गाडीतून यायची, आणि ट्रंकेशेजारी आजोबा बसायचे. मिलनेच शिफारस केली आणि १९७४ साली त्यांना लायसन्स मिळालं. मग त्यांनी एक सेकंडहँड वेब्ली अँड स्कॉट घेतलं, .३२ बोरचं, बर्मिंगहॅमचा शिक्का असलेलं. कॉलेजात असताना मी मित्रांना सांगायचो की आमच्या घरी रिव्हॉल्व्हर आहे, तर कुणी विश्वासच ठेवायचं नाही. चाळीतल्या दोन खोल्या, त्यात सात माणसं, आणि गोदरेजच्या कपाटात रिव्हॉल्व्हर! पण होतं खरं.

वर्षातून एकदाच ते बाहेर यायचं, खंडेनवमीला. पाटावर आजोबांचं रिव्हॉल्व्हर, आजीची विळी, बाबांचा पाना-पक्कड, आणि गेली काही वर्षं माझा लॅपटॉप. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. माझा लॅपटॉप वेब्लीच्या शेजारी बसून जरा ओशाळल्यासारखा दिसतो असं मला नेहमी वाटतं :)

या वर्षी बाबांनी ते पुसायला घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. चक्री फिरेना. जोर लावल्यावर फिरली, पण कुठेतरी मधेच अडकून बसली. आत डोकावलं तर तांबूस गंज. मुंबईचा पावसाळा कपाटातही शिरतो.

"दुरुस्त करून आणायला हवं," बाबा म्हणाले.

"देऊन टाका एकदाचं," आई म्हणाली. हे ती २००९ पासून म्हणते आहे. आजोबा गेले तेव्हा कायद्याप्रमाणे ते आधी जमा करावं लागलं होतं आणि मग वारस म्हणून बाबांनी लायसन्स काढलं. त्या काळात पोलीस स्टेशन ते कमिशनर ऑफिस अशा ज्या खेपा झाल्या त्या आई अजून विसरलेली नाही.

बाबांचा गुडघा दुखतो. म्हणून काम माझ्याकडे आलं.

पहिला प्रश्न अर्थातच, मी ते घेऊन रस्त्यावर फिरू शकतो का? माझ्या नावावर तर लायसन्स नाही. शोधाशोध केली तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात याचा चक्क विचार केलेला आहे. कलम ३ मध्ये म्हटलंय, की दुरुस्तीसाठी किंवा लायसन्सच्या नूतनीकरणासाठी न्यायचं असेल, तर मालकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी परवानगीने बिनलायसन्सचा माणूसही शस्त्र नेऊ शकतो. मला हे वाचून उगाचच बरं वाटलं. कायदा लिहिणाऱ्या कुणालातरी गुडघे दुखणारे बाबा ठाऊक असणार.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची निघाली. दुरुस्ती करणाऱ्याकडेही लायसन्स लागतं. विकायला लागतं तसंच रिपेअरलाही. म्हणजे चार गल्ल्यांपलीकडचा हुशार लेथवाला चालणार नाही, तो कितीही हुशार असला तरी.

पण लायसन्स आहे म्हणजे माणूस विश्वासाचा, असं थोडंच आहे? टीव्ही बिघडवला तर चित्र दिसत नाही. रिव्हॉल्व्हर बिघडवलं तर बोटं जातात. शिवाय टीव्हीवाल्याच्या फक्त हातावर विश्वास लागतो. इथे हात आणि नियत दोन्ही बघावं लागतं. तुमची वस्तू महिनाभर त्याच्याकडे असणार, तिचा कुठला भाग कुठे गेला, तिचा कुणी काय उपयोग केला, तुम्हाला काय कळणार? आणि नंबर मात्र तुमच्या लायसन्सवरचा.

पहिला शनिवार. ऑफिसातला एक जण म्हणाला, "माझ्या ओळखीचा एक आहे, सगळं करतो." परळला एका चहाच्या टपरीवर भेट ठरली. मी रिकाम्या हातानेच गेलो, ते शहाणपण. साहेबांनी कटिंग संपेपर्यंत एकदाही लायसन्स आहे का विचारलं नाही. म्हणाले, "घोडा घेऊन या, बघू. नाहीतर त्यापेक्षा नवीन कट्टा देतो, हे जुनं कशाला सांभाळताय?" मी दादरमध्ये कॉलेज काढलेला माणूस. मला कट्टा म्हणजे शिवाजी पार्कचा, ज्यावर बसून चार वर्षं फुकट घालवली तो. उत्तरेत कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल हे मला सिनेमामुळे माहीत होतं, पण कुणी तोंडावर ऑफर करेल असं वाटलं नव्हतं. चहाचे पैसे मी दिले आणि सटकलो.

दुसरा शनिवार. रीतसर दुकान. काचेच्या कपाटात एअरगन, भिंतीवर वाघाचा जुना फोटो. या वेळी सगळं बरोबर होतं. बाबांचं पत्र, लायसन्स, आणि रिकामं रिव्हॉल्व्हर कुलूपवाल्या डब्यात. (काडतुसं घरीच. ती न्यायचा प्रश्नच नव्हता.) काउंटरवरच्याने डबा उघडला, रिव्हॉल्व्हर उलटसुलट केलं आणि म्हणाला, "ठेवून जा. दोन महिन्यांनी फोन करा."

"काय झालंय त्याला?"

"ओव्हरहॉल करावं लागेल."

"म्हणजे काय काय?"

"सगळंच."

पावती मागितली तर म्हणाला मालक आल्यावर मिळेल. लायसन्स त्याने हातात घेतलं, पण त्यावरचा नंबर आणि रिव्हॉल्व्हरवरचा नंबर ताडून पाहिला नाही. मी डबा बंद केला. "सगळंच" हा शब्द आमच्या धंद्यातही ऐकतो मी. बग कुठे आहे माहीत नसला की लोक म्हणतात, पूर्ण मॉड्यूल परत लिहावं लागेल.

त्या रात्री जेवताना लक्षात आलं की मी चुकीच्या लोकांना विचारतोय. विकणाऱ्यांना कशाला विचारायचं? जे दर रविवारी बंदूक चालवतात त्यांना विचारावं. आणि मुंबईत असे लोक आहेत की! वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. अंजली भागवत तिथेच घडली. ती दादरच्या कीर्ती कॉलेजची, एनसीसीतून नेमबाजीत आली, आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या फायनलपर्यंत पोचली. माझ्या एका मैत्रिणीचा भाऊ एअर रायफल चालवतो. त्याला म्हटलं, तुमच्यात कुणाची जुनी हत्यारं असतील तर ते कुणाकडे नेतात एवढं विचार. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. तिघांना विचारलं, तिघांनी एकच नाव सांगितलं. वर एकाने म्हटलं होतं, "तो नाही म्हणाला तर दुसरीकडे नेऊ नका."

हे वाक्य मला फार आवडलं.

तिसरा शनिवार. लालबागहून टॅक्सी केली, मांडीवर लॅपटॉपची बॅग, बॅगेत लॅपटॉप सोडून दुसरंच काहीतरी. लॅमिंग्टन रोडवर सिग्नलला थांबलो. या रस्त्यावरून मी शेकडो वेळा गेलोय, रॅम घ्यायला, हार्ड डिस्क घ्यायला. त्या दिवशी पहिल्यांदा आठवलं की ऑक्टोबर १९३० मध्ये इथल्याच पोलीस स्टेशनपाशी दुर्गाभाभी आणि त्यांच्या साथीदारांनी एका इंग्रज सार्जंटवर गोळ्या झाडल्या होत्या. तेव्हा १८७८ चा शस्त्र कायदा होता. बंदूक बाळगायला हिंदी माणसाला लायसन्स लागायचं. पोलीस स्टेशनकडे बघून मी बॅग जरा घट्ट धरली. खिशातलं पत्र तीनदा चाचपलं.

गिरगावात एका जुन्या इमारतीत, एका लायसन्सवाल्या दुकानाच्या मागे ती खोली आहे. नक्की कुठे ते लिहीत नाही, मिस्त्रींना आवडणार नाही. वय सत्तरीच्या आसपास, नाकावर चष्मा, चष्म्यावर अजून एक भिंग. समोर बाकावर कानशी ओळीने लावलेल्या, मोठीपासून सुईएवढ्या बारीकपर्यंत.

मी बॅगेला हात घातला.

"थांबा. आधी कागद."

लायसन्स पाहिलं. मुदत पाहिली. बाबांचं पत्र दोनदा वाचलं, सही लायसन्सवरच्या सहीशी जुळवली. मग बाबांना फोन लावायला सांगितलं आणि स्वतः बोलले, "मुलाला पाठवलंय ना तुम्ही?" मगच डबा उघडू दिला. नळी भिंतीकडे करून रिव्हॉल्व्हर मधून मोडलं (वेब्ली वरून उघडतं, खिट्टी दाबली की नळी आणि चक्री पुढे झुकतात), सहाही घरं रिकामी आहेत हे स्वतः पाहिलं आणि मलाही दाखवलं. मग नंबर. एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि मला लायसन्सवर बोट ठेवायला लावलं. नंतर रजिस्टरमध्ये नोंद आणि पावती.

हे सगळं होईपर्यंत अर्धा तास गेला होता आणि दुरुस्तीबद्दल एक शब्द झाला नव्हता. माझी मात्र खात्री पटली होती.

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"सॉफ्टवेअरमध्ये आहे. तसं शिक्षण मेकॅनिकलचं."

"मग कानस चालवलीय का कधी?"

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा चौकोनी तुकडा काटकोनात घासायचा जॉब असतो. माझा जॉब सरांनी तीनदा फेकून दिला होता. ते सांगितल्यावर मिस्त्री पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी मला बसवून दाखवलं. घोडा मागे ओढला की एक छोटं पोलादी बोट चक्रीला ढकलतं आणि चक्री एक घर पुढे जाते. ते घर नळीच्या अगदी समोर आलं की खालून एक खिट्टी वर येऊन चक्रीला जागेवर अडवते. यात केसभर फरक पडला तर गोळी नळीच्या कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात, चालवणाऱ्याच्या किंवा शेजाऱ्याच्या तोंडावर. आमच्या वेब्लीचं बोट झिजलं होतं आणि खिट्टीची स्प्रिंग गंजून मेली होती. "वेब्लीने १९७९ ला बंदुका बनवायच्या थांबवल्या. पार्ट कुठून आणणार? कानपूरच्या सरकारी फॅक्टरीचं .३२ याचंच भाऊबंद आहे, पण त्याचा पार्ट जसाच्या तसा बसत नाही. मी करून घालीन."

ते मूळचे साताऱ्याकडचे शिकलगार. शिकल म्हणजे झिलई, हत्याराला झिलई करणारा तो शिकलगार. "आजा तलवारींना पाणी द्यायचा. तलवारी गेल्या, बापाने बंदुका धरल्या. आता बंदुकाही निघाल्या. पोरगा बँकेत आहे."

मग त्यांनी खणातून नटराजची पेन्सिल काढली, मागे खोडरबर असलेली. मला वाटलं काही लिहायचं असेल. त्यांनी रिव्हॉल्व्हर बंद केलं, पुन्हा एकदा रिकामं असल्याची खात्री केली, नळी वर छताकडे धरली आणि पेन्सिल खोडरबराच्या बाजूने नळीत सोडली.

"घोड्याच्या टोकाला पिन असते. ती काडतुसाच्या बुडावर आपटते. काडतूस नाही तर खोडरबरावर आपटेल. पिन ठीक असली की पेन्सिल उडते."

त्यांनी चाप ओढला. खट्.

पेन्सिल हलली नाही.

पुन्हा. खट्. नाहीच.

त्यांनी घोडा मागे ओढून भिंग लावलं आणि बराच वेळ पाहिलं. मग भिंग मला दिलं. पिनच्या टोकावर बारीक समांतर रेघा होत्या. वर्कशॉपमध्ये तीन जॉब फुकट घालवलेल्या माणसाला त्या ओळखायला वेळ लागत नाही.

"घासलीय," मी म्हणालो.

"घासलीय. झिजलेली नाही. झिजली की टोक गोल होतं. हे सपाट आहे."

"कधी?"

"जुनं काम आहे. रेघांच्या आतसुद्धा काळं पडलंय."

"म्हणजे माझे आजोबा हे घेऊन हिंडायचे तेव्हा..."

मिस्त्रींनी हात वर करून मला थांबवलं. "कानस मारलीय, एवढं मी सांगतो. कुणी मारली, का मारली, ते हत्यार सांगत नाही. आधीच्या मालकाने मारली असेल. कुणा अडाण्याने दुरुस्त करायला जाऊन मारली असेल. मी बघितलं नाही, मी बोलणार नाही."

आमच्याकडे प्रॉडक्शनला काही फुटलं की चोवीस तासांत कारण लिहून द्यावं लागतं. कारण माहीत नसलं तरी देतो आम्ही. टेबलापलीकडे बसलेल्या त्या माणसाकडे कारणांची काही कमी नव्हती, त्याने एकही दिलं नाही.

तिथूनच बाबांना फोन केला. सांगितलं सगळं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं फोन कट झाला.

मग बाबा बोलायला लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. अडीच लाख कामगार बाहेर, दत्ता सामंतांच्या सभा. पण ऑफिस स्टाफला मिलमध्ये जावं लागायचं. गेटवर उभी असलेली माणसं म्हणजे आमच्याच चाळीतली. खालच्या मजल्यावरचे, समोरच्या खोलीतले, गणपतीत आजोबांच्या शेजारी बसून टाळ वाजवणारे. त्यांच्यामधून आजोबा रोज आत जायचे, कमरेला रिव्हॉल्व्हर. मिलचा तसा हुकूम होता म्हणे. "अण्णा त्या दिवसांत घरी आले की जेवायचे नाहीत धड," बाबा म्हणाले. "आई विचारायची, गोळी घालाल का हो तुम्ही कुणाला? तर म्हणायचे, नाही उडणार ती. मला वाटायचं, धीर द्यायला म्हणतायत."

आमच्या घरी एक बारीक कानस आहे. आजोबांची. पण ती काय, कुणाच्याही घरी असते.

मी मिस्त्रींचं ऐकून इथे निष्कर्ष लिहीत नाही. तुम्हाला जो काढायचा तो काढा.

"पिन नवीन घालायची का?" मिस्त्रींनी विचारलं. "घालता येईल. मग हे चालेल."

मी फोन स्पीकरवर टाकला. बाबा म्हणाले, "बाकी सगळं करा. पिन राहू द्या तशीच."

मिस्त्रींनी मान डोलावली, पण पावतीवर लगेच लिहिलं, 'पिन आखूड, मालकाच्या सांगण्यावरून बदलली नाही.' "परत न्यायला याल तेव्हा वडिलांची यावर सही आणा. आणि एक ध्यानात ठेवा. उडत नाही म्हणून कुणाच्या हातात खेळायला द्यायचं नाही. हत्यार हे हत्यारच. कायद्यालाही आणि मलाही."

चौथ्या शनिवारी आणायला गेलो. गंज गेला होता, चक्री खट् खट् करत सहाही घरं फिरली, प्रत्येक घर नळीसमोर अचूक थांबलं. काढलेले जुने भाग त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून परत दिले, झिजलेलं बोट आणि मेलेली स्प्रिंग. बिल माझ्या एका शनिवार रात्रीच्या बिलापेक्षा कमी होतं. मी थोडे जास्त द्यायला गेलो तर सुटे पैसे मोजून परत केले.

घरी बाबांनी ते हातात घेतलं, उघडलं, मिटलं आणि कपाटात ठेवून दिलं. आई या वेळी "देऊन टाका" म्हणाली नाही. चहा टाकायला उठली.

आता प्रश्न माझा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे लायसन्सधारक सत्तरीचा झाला की शस्त्र वारसाच्या नावावर करायला अर्ज करता येतो. बाबांना अजून पाच-सहा वर्षं आहेत. महिन्याभरापूर्वी विचारलं असतंत तर म्हणालो असतो, लायसन्सवाल्या डीलरला विकून मोकळे होऊ. मला कशाला हवीय मारायची वस्तू?

पण आता ती तशी वस्तू राहिली आहे का, हेच मला कळेनासं झालंय. लायसन्स मात्र तसंच लागणार, खेपा तशाच पडणार, कुलूप तसंच लावावं लागणार. आणि मिस्त्री तेव्हा असतील की नाही, कुणास ठाऊक. त्यांचा पोरगा तर बँकेत आहे.

बघू. पुढच्या खंडेनवमीला पाटावर लॅपटॉप पुन्हा तिच्याच शेजारी असेल. पुडीतलं ते झिजलेलं बोट सध्या माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे. कारण माहीत नसताना कारण लिहायची वेळ आली की काढून बघतो.